टेकूवरची गाडी

अमरावतीच्या एमआयडीसीत मी स्पोर्ट्स कार बनवत होते, असं सांगितलं की लोक आधी हसतात. संत्र्यांच्या अन् कापसाच्या मुलखात असल्या गाड्या कोण बनवतं, असं त्यांना वाटतं. आमचा मालक बनवायचा. तो मूळचा अकोटचा, जिनिंगवाल्या घराण्यातला. परदेशात शिकून परत आला तो दोन माणसांच्या, बिनछपराच्या, जमिनीला पोट घासत जाणाऱ्या गाडीचं वेड घेऊनच. इंजिन तो मोठ्या कंपनीकडून विकत घ्यायचा. लोखंडी सांगाडा आम्ही वेल्डिंग करून उभा करायचो आणि वरचं सगळं अंग फायबरचं, तेही हातानं. गिऱ्हाइकं मुंबईची, हैदराबादची, एखादं दुबईचं. वर्षात मोजक्याच गाड्या बाहेर पडायच्या, पण तेवढ्यावर आमची सगळ्यांची घरं नीट चालायची.

मी फायबर खात्याची सुपरवायझर. घर अकोल्याचं. मेकॅनिकलचा डिप्लोमा अमरावतीला सरकारी शिष्यवृत्तीवर केला आणि त्याच गावात खोली घेऊन नोकरीला लागले. आमच्या वस्तीतल्या बायका मला विचारायच्या, की तू गाड्या बनवतेस म्हणजे नेमकं काय करतेस. मी सांगायचे, साचा असतो. दाराचा वेगळा, बॉनेटचा वेगळा. त्याच्यात काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, वरून रेझिन नावाचं चिकट रसायन लावायचं, वाळलं की अलगद सोडवून घ्यायचं. मे महिन्यात मात्र रेझिन डब्यातच दगड व्हायचं, म्हणून उन्हाळ्यात आम्ही पहाटेच कामाला लागायचो. काचेची कुसळं अंगात शिरायची. रात्री खोबरेल चोळून झोपायचे तरी मानेला खाज असायची. तरी पण साच्यातून पहिल्यांदा चकचकीत दार सुटून हातात यायचं तेव्हा मला बरं वाटायचं. हे मी आजही नाकारत नाही.

माझ्या खात्याच्या पुढं रंगाचं खातं. तिथं एक वयस्कर पेंटर होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाचांचा हात लागल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नसे. मालक त्यांच्याशी गोड वऱ्हाडीत बोलायचा. माझ्याशीही बोलायचा. तो चिडला की मात्र त्याची भाषा बदलायची, पुस्तकातल्यासारखी स्वच्छ व्हायची. त्यामुळं त्याच्या तोंडून शुद्ध मराठी आली की आम्ही सावध व्हायचो.

एकदा चहाच्या वेळेला कुणाच्या तरी मुलाच्या ॲडमिशनचा विषय निघाला. मालक तिथंच उभा होता. तो म्हणाला, या देशात टेकू देऊन देऊन माणसं लुळी करून ठेवलीत. फी माफ, शिष्यवृत्ती, राखीव जागा. टेकू काढून घ्या, मग बघा कोण स्वतःच्या पायावर उभं राहतं. बोलताना तो माझ्याकडं बघत नव्हता, पण बाकीचे सगळे बघत होते. मी कप धुऊन ठेवला आणि आत गेले. त्या दिवसापासून त्याच्याबद्दल माझ्या मनात जे बसलं ते कधी निघालं नाही.

घरी वेगळंच भांडण होतं. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. मी मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवला, तर त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं की याच्यात किती जण बसतात. मी दोन म्हणाले.

"दोनच? ज्याच्या घरी चार गाड्या हायेत त्याले पाचवी पाह्यजे, म्हनून तू अंगाले काच लावून घेऊन राहिली?"

मी म्हणाले, पगार मिळतो. त्यांनी मोबाइल परत दिला. त्यानंतर माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही सांगणं सोडलं.

कोरोनाची टाळेबंदी उठली, कारखाना पुन्हा सुरू झाला, पण मंदी काही उठली नाही. ज्यांनी गाड्या सांगून ठेवल्या होत्या त्यांनी एकेक करून नकार कळवला. हैदराबादच्या गिऱ्हाइकानं तर अर्धी गाडी तयार असताना हात वर केले. ती तशीच शेडमध्ये उभी राहिली, दारं नसलेली. पगार आधी उशिरा, मग अर्धा. वेल्डिंगची पोरं घरी बसवली. उरलेल्यांना मालक रोज सांगायचा की थांबा, सरकार काहीतरी करणार आहे.

आणि सरकारनं केलंही. मंदीत सापडलेल्या छोट्या कारखान्यांसाठी मदतीची योजना निघाली. स्वस्त कर्ज, त्याला सरकारची हमी, विजेच्या बिलात सूट. अट अशी की ठरलेल्या मुदतीपर्यंत कामगार काढायचा नाही आणि कारखाना जिल्ह्याबाहेर न्यायचा नाही. मालकानं अर्ज केला. टेकूवाल्या भाषणाची आठवण त्याला कुणी करून दिली नाही. मीही नाही. घरभाडं थकलं होतं.

सुनावणी होती उद्योग खात्याच्या ऑफिसात. तो मला मुद्दाम सोबत घेऊन गेला. का, ते मला रस्त्यातच कळलं. गाडीत तो म्हणाला, "ताई, तुमी बोला. स्थानिक पोरगी, शिकलेली, मागास घरातली. तुमचं आयकतीन ते."

समोर एक अधिकारी बाई होत्या. चेहऱ्यावर थकवा, आवाजात कसलीही ओढ नाही. त्यांनी विचारलं, जिल्ह्यातल्या सूतगिरण्या बंद पडतायत आणि तुम्ही श्रीमंतांच्या खेळण्यासाठी पैसे मागता, ते सरकारनं का द्यावेत. मालक निर्यात, गौरव, विदर्भाचं नाव असलं काहीतरी बोलत राहिला. त्यांनी ऐकून घेतलं नाही. मग मी बोलले. गाडी कुणाची का असेना, ती बनवणारे हात इथले आहेत, हे हात इथून पांगले तर परत गोळा होत नाहीत, आणि हे काम करणारं दुसरं कुणी या भागात नाही, एवढंच सांगितलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. बाईंनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

मदत मंजूर झाली तेव्हा मी अकोल्याला घरी होते. वडिलांनी पेपरात वाचलं आणि माझ्यासमोर पेपर टाकला.

"आमच्या डेपोत टायर मांगा, तं म्हनतेत पैसा नाई. अन् याले काहून पोसून राहिलं सरकार?"

"मंग मी घरी बसू काय?" मी विचारलं.

"बस. मी पोसतो तुले. पन सरकारले सांग, याले एक रुपया देऊ नोको."

मी त्याच दुपारच्या बसनं अमरावतीला परतले. आईनं डबा बांधून दिला होता, तोही न घेता.

मदतीच्या समारंभाला एक मंत्री आले. मांडव पडला, हार आले, भाषणात विदर्भाच्या पोरांच्या कर्तबगारीवर बरंच बोलणं झालं. फोटोसाठी त्यांना नमुन्याच्या लाल गाडीत बसवलं. बसताना ते सहज बसले, पण गाडी इतकी बुटकी की उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं आणि त्यांच्या शर्टाचं बटण तुटलं. पेपरात बसलेला फोटो आला. आम्हा कामगारांनाही एका ओळीत उभं करून फोटो काढला होता, तो कुठं आला नाही.

त्यानंतर आम्ही रेझिनची वाट बघत राहिलो. अर्धी उभी असलेली गाडी पुरी करायला फार काही लागणार नव्हतं. रेझिन आलं नाही. त्याऐवजी गेटला नवा रंग लागला. पुढं काचेची मोठी खोली झाली, तिच्यात एसी आणि गोल फिरणारा चौथरा, त्यावर तीच लाल गाडी. पुण्याहून एक सल्लागार यायला लागला. तो आमच्या खात्यात आला की नाकाला रुमाल लावायचा.

एका सकाळी चाचांनी मला हाक मारली. ते साच्यांच्या रॅकपाशी उभे होते. प्रत्येक साच्यावर खडूनं नंबर टाकलेले होते, पॉलिश केलेल्या बाजूवरसुद्धा.

"बेटी, ये नंबर किसने डाले?" त्यांनी विचारलं. मी रॅक पाहिला. डाव्या दाराचा साचा जागेवर नव्हता.

आमच्या धंद्यात साचा म्हणजेच गाडी. पत्रे, गेट, पंखे कुठंही मिळतात. साचे बनवायला आम्हाला वर्षं लागली होती. चाचांना आणि मला एकाच वेळी समजलं की सामान बांधलं जातंय.

मी सरळ मालकाच्या केबिनमध्ये गेले. साचे कुठं चालले, म्हणून विचारलं. तो म्हणाला दुरुस्तीला. सगळे? मी विचारलं. मग त्यानं खुर्ची मागं ढकलली आणि त्याची ती स्वच्छ भाषा सुरू झाली.

"इथं गाडी बघायला कोण येतं? पुण्याजवळ जागा बघितली आहे. कारखाना इथंच राहणार. गेट, पाटी, तुम्ही सगळे. अट पाळली जाईल."

"साचे नसले तर आम्ही इथं काय करायचं?"

"बसायचं. पगार मिळेल. बसून सरकारी पगार घ्यायची सवय आहेच तुमच्या घरात."

मी हात मागं बांधले. मी म्हणाले, "शिष्यवृत्ती घेऊन मी डिप्लोमा पुरा केला, सर. तुम्ही मदत घेतलीत. त्यातून एक तरी गाडी पुरी केली का?"

त्यानं दाराकडं बोट दाखवलं. तुमच्यासाठी मी सरकारपुढं हात पसरले, असं तो मागून म्हणाला. मी वळले आणि म्हणाले, "आमचे चेहरे पुढं करून पसरलेत." एवढं बोलून बाहेर आले. बाहेर सगळे काम सोडून उभे होते. केबिनचं पार्टिशन प्लायवूडचं होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

तो पुढचा रविवार. कारखान्याला सुट्टी. नेमके त्या दिवशी वडील अमरावतीला माझ्या खोलीवर आले होते. आईनं पाठवलं होतं, समेट करायला. आम्ही दोघं समोरासमोर न बोलता जेवत होतो, तेवढ्यात वॉचमनचा फोन आला की ट्रक लागलाय आणि साचे भरणं चालू आहे. मी हात धुतला आणि स्कूटी काढली. वडील मागं बसले.

आम्ही पोचलो तेव्हा चाचा आणि आमच्यातले बरेचसे गेटपाशी होते. ट्रक भरून तयार, वर ताडपत्री. ड्रायव्हर परतवाड्याचा होता, वैतागलेला. त्याला भाड्याशी मतलब. मालक स्वतः आला नव्हता, सल्लागाराला पाठवलं होतं. तो ओरडत होता की बाजूला व्हा, खाजगी मालमत्ता आहे, पोलिसांना बोलावतो. आमच्यातल्या काहींचा धीर सुटायला लागला होता. पोलिस केस झाली तर दुसरीकडं नोकरी कोण देणार, असं हळूच बोलणं चाललं होतं.

माझे वडील पुढं गेले. तो कारखाना ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. काचेच्या खोलीतल्या लाल गाडीकडं त्यांनी एकदा बघितलं, तोंड वाकडं केलं, आणि ट्रकच्या पुढच्या चाकाला पाठ लावून खाली बसले. सल्लागारानं विचारलं, हे कोण. ते स्वतःच बोलले.

"मले हे गाडी पाह्यलेही आवडत नाई. सरकारनं याले पैसा द्याले नव्हता पाह्यजे. पन देला ना? मंग यात माहाही पैसा हाय. माल इथून हलत नाई."

मग चाचा त्यांच्या शेजारी बसले. मग बाकीचे. मी बसले नाही, कारण मला फोन करायचा होता. सुनावणीच्या वेळी त्या अधिकारी बाईंनी कार्ड दिलं होतं. रविवारी दुपारी त्या उचलतील असं वाटलं नव्हतं. उचलला. मी सांगितलं ते त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं आणि मग म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतं ना, मदत द्या म्हणून?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या की पोलिस आले की फोन त्यांच्याकडं द्या.

पोलिस आले. फौजदारानं बाईंशी बोलून घेतलं, आम्हालाही दोन शब्द सुनावले आणि सल्लागाराला सांगितलं की उद्या साहेब लोक येईपर्यंत ट्रक आतच उभा राहील. ड्रायव्हरला वडिलांनी कोपऱ्यावरच्या टपरीवर नेऊन चहा पाजला. उन्हात बसून त्यांना चक्कर येत होती, पण ते मला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

सोमवारी बाई आल्या. खडूचे नंबर पाहिले, ताडपत्री वर करून पाहिली. मालकाला म्हणाल्या की साचे गेले तर कारखाना गेला असंच धरलं जाईल आणि सगळी मदत परत घेतली जाईल. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं काही चांगलं बोलतील. त्या म्हणाल्या, तुमच्यामुळं माझी सही या फायलीवर आहे. मग गेल्या.

साचे उतरवले. त्या दिवशी आम्ही जिंकलो असं सगळ्यांना वाटलं. चाचांनी जिलबी आणली.

मालकानं त्यानंतर आम्हाला काढलं नाही, ओरडला नाही, पगारही चुकवला नाही. त्यानं फक्त काम बंद केलं. रेझिन नाही, वेल्डिंगची कांडी नाही, रंग नाही. सकाळी यायचं, अंगठा लावायचा, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसायचं. मोबाइल गेटवर जमा. मार्चनंतर पंखेही बंद, विजेची बचत म्हणून. एसी चालू असायचा तो फक्त काचेच्या खोलीत, गाडीसाठी. साचे त्यानं रॅकवरून काढून मागच्या पत्र्याच्या शेडखाली नेऊन टाकले. जागा लागते म्हणाला. आम्ही हरकत घेतली तर म्हणाला, जिल्ह्यातच आहेत ना?

रिकामं बसणं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. चाचांनी एक जुनं, टाकलेलं बॉनेट उचलून आणलं आणि ते रोज पॉलिश पेपरनं घासत बसायचे. घासून घासून वरचा थर गेला, खालची काच दिसायला लागली, तरी थांबेनात. एक दिवस त्यांनी पेपर खाली ठेवला, हात धुतले आणि वरूडला पुतण्याच्या गॅरेजमध्ये निघून गेले. तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतात. मला फोनवर म्हणाले, इथं निदान रंगाचा वास येतो. त्यांच्या मागोमाग बाकीचे गेले. काढलेलं कुणालाच नव्हतं, म्हणून अट मोडली नव्हती.

मी बरेच दिवस थांबले, नुसत्या खुन्नसनं. मी असेपर्यंत त्याला सकाळी माझं तोंड बघावं लागत होतं. पण मानेला खाज नव्हती, हाताला काही नव्हतं, आणि डोक्यात चोवीस तास तोच माणूस. एका सकाळी अंगठा लावताना वाटलं, हा आपल्याला खाऊन टाकतोय. राजीनामा दिला. त्यानं तो वाचला आणि म्हणाला की पुण्याला फायबर खात्याची प्रमुख म्हणून तुझंच नाव काढलं होतं, क्वार्टर देणार होतो, तूच माती केली. मी विचारलं, चाचांचं नाव होतं का. तो म्हणाला, म्हातारा कशाला? मी खुर्ची सरकवून उठले.

मुदत संपली आणि त्याच आठवड्यात गेटला कुलूप लागलं. साचे पत्र्याखालच्या तापानं वाकले होते, पुण्याला नेण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. मालक आता पुण्यात दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या विकतो असं ऐकलं. चांगलं चाललंय म्हणतात. चाललं असेल.

मी अकोल्यात आहे. पाण्याच्या टाक्या आणि संडासाची दारं बनवणाऱ्या एका फायबरच्या कारखान्यात माझ्या हाताखाली काही मुली काम करतात. वडील अधूनमधून पेपर वाचताना एखाद्या उद्योगाला मदत दिल्याची बातमी मोठ्यानं वाचतात, मला ऐकू यावी म्हणून. मी स्वयंपाकघरातून सांगते की मदत द्यायलाच पाहिजे. मंदीत काम करणाऱ्याचा हात सरकारनं धरला नाही तर कोण धरणार? फक्त ती मालकाच्या हातात देऊ नका, आमच्या हातात द्या, रेझिन आम्ही आणतो, गाडी आम्ही पुरी करतो. ते म्हणतात असं सरकार कुठं असते. मी म्हणते, नसेल. तरी मागायचं. मग आई दोघांनाही गप्प बसवते आणि ताटं घ्यायला सांगते.